आठवड्याला ६० सेशन्स घेणाऱ्या समुपदेशकाला

वाचकाचं पत्र : मी ३३ वर्षांची आहे. मानसशास्त्रात एमए करून आठ वर्षं समुपदेशन करते आहे. सकाळी १० ते ४ नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात रोज सहा पेशंट, संध्याकाळी साडेपाच ते नऊ कॉलेज रोडवर स्वतःच्या क्लिनिकमध्ये चार. रविवारी सुट्टी, पण फोन चालूच. सेशन ४५ मिनिटांचं, क्लिनिकची फी ८०० रुपये, आणि आठवड्याला चारेक जण न कळवता येतच नाहीत. हल्ली समोरचा रडत असतो आणि मी घड्याळ बघते. एका बाईंनी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगितलं, तेव्हा मनात आलं, 'पुन्हा तेच'. स्वतःचीच लाज वाटली. फेब्रुवारीत माझा एक १९ वर्षांचा पेशंट आत्महत्येने गेला. रुग्णालयाने फाइल मागवून घेतली. मला कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सहा पेशंट बघितले. तीन आठवड्यांच्या नोट्स लिहायच्या राहिल्यात. सासूबाई म्हणतात, 'दिवसभर बसून बोलायचंच तर काम, त्यात दमायचं काय?' योगाचा क्लास लावला, सोडला. मी या कामाला लायकच नाही का? सोडून द्यावं का?

उत्तर :

सासूबाईंचा प्रश्न आधी घेऊ. त्याचं उत्तर त्यांना द्यायची गरज नाही, पण तुम्हाला ते ठाऊक हवं. रोज १० म्हणजे आठवड्याला ६० सेशन्स. प्रत्येकी ४५ मिनिटं धरली तर पेशंटच्या समोर बसण्याचेच ४५ तास होतात. प्रत्येक सेशनची नोट लिहायला १० मिनिटं, म्हणजे आणखी १० तास. हे झाले ५५. नातेवाइकांचे फोन, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं, शाळेला द्यायचं पत्र, रात्रीचे व्हॉट्सॲप हे सगळं यात धरलेलंच नाही. पूर्णवेळ थेरपी करणाऱ्या माणसाने आठवड्याला साधारण २० ते २५ सेशन्स घ्यावीत, असा या व्यवसायातला सर्वसाधारण संकेत आहे. तुम्ही दुपटीच्या वर आहात. ते १० तास तुमच्या दिवसात बसतच नाहीत, म्हणून नोट्स राहिल्या आहेत. त्यात आळस शोधू नका.

आता 'पुन्हा तेच'. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे, आजार म्हणून नाही. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनाने लांब जाणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लाक यांची १९८१ची प्रश्नावली याच तीन बाजू मोजते. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. 'पुन्हा तेच' ही दुसरी खूण, 'मी लायक नाही का' ही तिसरी. ज्याला तुम्ही स्वभावातला दोष समजता आहात, ते मुळात लक्षण आहे. जास्तीच्या भाराखाली मन स्वतःला वाचवायला अंतर घेतं. हे अंतर पेशंटलाही जाणवतं, म्हणून त्याचा बंदोबस्त करायला हवा. पण लाज वाटून घेऊन तो होत नाही.

या क्षेत्रातल्या लोकांना हटकून एकच सल्ला मिळतो, 'आधी स्वतःची काळजी घ्या'. योगा, ध्यान, डायरी. या गोष्टी वाईट नाहीत, त्यांचा थोडा उपयोगही होतो. पण डॉक्टरांवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, तेव्हा व्यक्तीला ताण सोसायला शिकवण्यापेक्षा कामाचे तास, पाळ्या आणि पद्धत बदलण्याचा परिणाम जास्त दिसला. रात्री नऊला क्लिनिक बंद करणाऱ्या बाईने पहाटे साडेपाचला योगाला जायचं, म्हणजे ५५ तासांत आणखी सहाची भर. सोडलात ते बरं केलंत.

तास कमी केले म्हणजे सगळं सुटेल, असंही नाही. या कामात दमवणाऱ्या काही गोष्टी वेळापत्रकात दिसतच नाहीत. एक म्हणजे, बरा झालेला पेशंट यायचा थांबतो आणि न सुधारणारा येत राहतो. आठ वर्षांत तुमच्या डायरीत हळूहळू अवघड केसेसच साठत गेल्या असतील, आणि त्या बघून 'माझ्या हातून कुणी बरं होत नाही' असा ग्रह होणं अगदी साहजिक आहे. यावर उपाय साधा आहे. नैराश्याच्या प्रत्येक पेशंटकडून दर चार आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. तीन-चार मिनिटं लागतात. एकूण गुण २७ पर्यंत जातात. पाच गुणांची घट खरी सुधारणा मानतात. सेशन थांबलेल्यांचे शेवटचे आकडे वेगळ्या पानावर लिहीत जा. तीन महिन्यांनी ते पान वाचा, आठवणीवर विसंबू नका.

दुसरी गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या माणसाला झोप नाही, कारण द्राक्षबागेवर गारपीट झाली आहे किंवा कांद्याला भाव नाही आणि सोसायटीचं कर्ज थकलंय. सेशनमध्ये ते कर्ज फिटत नाही. हे मनोमन माहीत असूनही तुम्ही दर आठवड्याला त्याचं ओझं घरी नेता. अशा वेळी थेरपीबाहेरच्या मदतीची एक पानाची यादी टेबलावर ठेवा : मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, आणि रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस १४४१६. सेशनच्या शेवटच्या पाच मिनिटांत त्यातला एक नंबर पेशंटसमोरच लावून द्या. मारहाण सोसणाऱ्या त्या बाईंनाही तुमच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा १८१ आणि राहायची सुरक्षित जागा जास्त उपयोगी आहे. पेशंटमध्ये प्रमाणाबाहेर गुंतणारे थेरपिस्ट लवकर थकतात, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे.

तिसरी, नाशिक वाढलं तरी ओळखीपाळखीचं गाव आहे. भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेशंट भेटतात. म्हणजे कामाची वेळ कधी संपतच नाही. पहिल्याच सेशनमध्ये सांगून टाकावं : 'बाहेर भेटलो तर मी स्वतःहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर नमस्कार करीन, तब्येतीची चौकशी करणार नाही.' नात्यातल्या केसेस घेऊच नका. 'जरा माझ्या भाच्याशी बोल ना' याला ठरलेलं उत्तर ठेवा : 'घरातल्यांशी मी बोलले तर त्याचा तोटाच होईल. चांगलं नाव देते.'

आता फेब्रुवारीबद्दल. हे बर्नआउटच्या पोत्यात घालू नका. पेशंट जाणं हे दुःख आहे आणि धक्काही. अशा वेळी किमान त्या दिवसाचे आणि दुसऱ्या दिवसाचे पेशंट दुसऱ्याकडे द्यायला हवे होते, वरिष्ठाने शेजारी बसायला हवं होतं, आणि फाइलच्या चौकशीपासून वेगळी, दोष न शोधणारी एक बैठक व्हायला हवी होती. यातलं काहीच झालं नाही. तो तुमच्या रुग्णालयाच्या व्यवस्थेचा कमीपणा आहे, आणि सहा पेशंट बघायला तुम्हाला बसवणं ही त्यातली सगळ्यात मोठी चूक. अजून उशीर झालेला नाही. सुपरव्हायझरबरोबर, म्हणजे तुमच्या केसेसवर मार्गदर्शन करणाऱ्या बाहेरच्या अनुभवी थेरपिस्टबरोबर (त्याबद्दल पुढे सांगते आहेच), फक्त या केससाठी दोन तास घ्या, एका आठवड्याच्या अंतराने. पहिल्या तासात घटनाक्रम मांडा : काय दिसत होतं, काय विचारलं, काय ठरलं. शेवट माहीत असला की आधीची प्रत्येक गोष्ट इशारा वाटायला लागते. म्हणून 'त्या दिवशी मला काय माहीत होतं' एवढ्यावरच थांबायचं. दुसरा तास फक्त तुमच्यासाठी. फाइलमध्ये आता एक अक्षरही बदलू नका. घरच्यांकडून किंवा पोलिसांकडून लेखी विचारणा आली, तर उत्तर देण्याआधी रुग्णालयाच्या वकिलाशी आणि तुमची व्यावसायिक विमा पॉलिसी असेल तर त्या कंपनीशी बोला.

अशा घटनेनंतर थेरपिस्टकडून दोन उलट चुका होतात. एक तर जोखमीच्या प्रत्येक पेशंटला रोज रात्री फोन करायला लागतो, नाही तर आत्महत्येचा प्रश्न विचारायचंच टाळायला लागतो. तुमचं कोणतं होतंय ते तपासा. थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही. जोखीम दिसली की सहा मुद्द्यांची सुरक्षा योजना कागदावर उतरवा : धोक्याच्या खुणा, एकट्याने करता येतील अशा गोष्टी, मन दुसरीकडे रमवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल असे घरचे, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि घर सुरक्षित करणं. शेतकरी घरात सहावा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याच्या हाती. एक प्रत पेशंटला, एक फाइलला आणि, पेशंटची परवानगी असेल तर, एक घरच्या माणसाला. मग रात्रीची राखण तुमच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

आता मुद्द्याचं, आकडे खाली कसे आणायचे. एका झटक्यात नाही. तीन महिने धरा.

पहिल्या चार आठवड्यांत क्लिनिकमध्ये एकही नवा पेशंट घ्यायचा नाही. वेटिंग लिस्ट ठेवा, घाईच्या माणसाला दुसरं नाव द्या. जुन्या २४ जणांची यादी काढून प्रत्येकासमोर १, २ किंवा ३ लिहा. १ म्हणजे स्थिर, ३ म्हणजे आघात, हिंसा किंवा जोखीम. १ वाल्यांना आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी बोलवा. असे आठ निघाले तरी आठवड्याची चार सेशन्स सुटली. ३ वाल्या केसेस एका दिवसात दोनच ठेवा, सलग नकोत, आणि दिवसातली शेवटची तर कधीच नको. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. अवघड पेशंटला निवांत वेळ द्यायचा म्हणून रात्री आठचा स्लॉट देतात आणि ते सेशन झोपेपर्यंत बरोबर घेऊन जातात.

क्लिनिक सहा संध्याकाळींऐवजी तीन ठेवा, रोज चार सेशन्स. पैशाचा प्रश्न येणार, तर तोही मांडू. २४ सेशन्सचे कागदावर १९,२०० रुपये होतात, पण चार जण येत नाहीत म्हणजे हातात १६,०००. पुढे १२ सेशन्स, फी १,००० केली आणि २४ तासांआधी न कळवल्यास अर्धी फी हा नियम लावला, तर १२,०००च्या आसपास. आठवड्याला ४,००० रुपयांचा फरक पडेल. तो खरा आहे, घरात बसून त्याचा विचार करावा लागेल. तीन संध्याकाळी मोकळ्या फुकट मिळणार नाहीत. नवी फी जुन्या पेशंटना दोन महिने आधी सांगा. कमी फीच्या जागा ठरवून ठेवा, आठवड्याला दोन. त्या भरल्या की भरल्या. दर पेशंटशी स्वतः फीची घासाघीस करणं हेही दमवणारं काम आहे. ते रिसेप्शनवर सोपवा, नाही तर छापील कागदावर.

रुग्णालयाशी बोलणं अवघड जाईल, आणि 'मला बर्नआउट झालाय' असं सांगून तर मुळीच जाऊ नका. ते ऐकून लोक सुट्टी घ्या म्हणतात आणि परत आल्यावर तेच सहा पेशंट समोर बसवतात. चार आठवड्यांची नोंद घेऊन जा : किती पेशंट, किती नवे, किती जण दोन सेशन्सनंतर आले नाहीत, नोट्सला किती वेळ लागला, जोखमीच्या केसेस किती. मागण्या तीनच ठेवा. प्रत्येक पेशंटला ६० मिनिटांचा स्लॉट (४५ सेशन, १० नोट, ५ श्वास घ्यायला) आणि दिवसाला चार. महिन्याला दोन तासांचं बाहेरचं सुपरव्हिजन, रुग्णालयाच्या खर्चाने. आणि पेशंट दगावल्यास काय करायचं याची लेखी पद्धत. बोलणं झालं की त्याच दिवशी तेच मुद्दे ईमेलने पाठवा. ते म्हणतील, 'मग उत्पन्न कमी होईल.' त्यावर तुमच्याकडे अर्ध्यात सोडून गेलेल्यांचा आकडा असायला हवा, कारण गळालेला पेशंट हाही त्यांचा तोटाच आहे.

इथे चार आणि तिथे चार धरले तर आठवड्याला २४ आणि १२, एकूण ३६. सरळ सांगायचं तर हेही जास्तच आहे. पण ६० वरून ३६ वर आलात की पुढचा विचार करायला डोकं जागेवर येईल.

सुपरव्हिजनबद्दल थोडं सविस्तर, कारण पत्रात त्याचा उल्लेखही नाही आणि मला तीच सगळ्यात मोठी उणीव वाटते. रुग्णालयातला वरिष्ठ हा सुपरव्हायझर नव्हे. जो तुमची पगारवाढ ठरवतो, त्याच्यापुढे 'मला पेशंटचा कंटाळा आला' असं कोण बोलेल? बाहेरचं माणूस घ्या. नाशिकमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात आणि थोडेफार स्पर्धकही असतात, म्हणून पुण्या-मुंबईचं, ऑनलाइन घेतलं तर सोयीचं. पंधरा दिवसांनी एक तास. जाताना एकच केस आणि एकच प्रश्न लिहून न्या. पाच केसेस नेल्या की तासभर फक्त माहिती सांगण्यात जातो. याला जोडून चार ते सहा समव्यावसायिकांचा गट जमवा. महिन्यातून एकदा, ९० मिनिटं, दोन केसेस. नाव, गाव, कॉलेज, कंपनी काहीही ओळखू येईल असं बोलायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि सातपूरच्या कारखान्यातला सुपरवायझर एवढ्या खुणेवरही आपल्याकडे माणूस ओळखला जातो. असे गट दोन कारणांनी मोडतात : सुरुवातीचा अर्धा तास गावगप्पांत जातो, नाही तर एकच जण सगळ्यांना शिकवायला लागतो. वेळ सांभाळणारा माणूस दर महिन्याला बदला.

फोन : वेगळं सिमकार्ड, आजच. व्हॉट्सॲप बिझनेसवर रात्री नऊनंतरचं आपोआप जाणारं उत्तर लावा : 'सध्या क्लिनिक बंद आहे. मेसेज उद्या ११ नंतर वाचला जाईल. जिवाला धोका वाटत असेल तर १४४१६ वर किंवा ११२ वर फोन करा, जवळच्या रुग्णालयात जा.' व्हॉइस नोट ऐकत नाही, हे आधीच सांगून ठेवा. नियम लावल्यावर पहिले दोन आठवडे मेसेज वाढतील, काही जण रागावतील. त्यात एकदा जरी रात्री अकराला उत्तर दिलंत, तर नियम संपला.

सुट्टी हवीच, पण शनिवार-रविवारला जोडून शुक्रवार अशी नको. सलग १० दिवस. तीन आठवडे आधी प्रत्येक पेशंटला सांगा, जाण्याआधीच्या शेवटच्या सेशनमध्ये नव्हे. जोखमीच्या पेशंटसाठी पर्यायी थेरपिस्टचं नाव आणि नंबर लेखी द्या. फेब्रुवारी ते मे टाळा. बारावी, सीईटी, नीट यांचे पेशंट तेव्हाच येतात. दिवाळीनंतरचा काळ बरा. परत येताना बुधवारी रुजू व्हा आणि तो आठवडा निम्म्या पेशंटवर काढा.

त्या सुट्टीतच एक गोष्ट तपासता येईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भूक-झोप सुधारली, हसू आलं आणि परतायच्या आदल्या संध्याकाळी पोटात गोळा आला, तर ते मुख्यतः बर्नआउट. पेशंटने सांगितलेले प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिले, स्वप्नं पडली, विशिष्ट प्रकारच्या केसेस टाळाव्याशा वाटल्या, तर तो ऐकलेल्या आघाताचा ताण. त्याला थेरपी लागते. आणि सुट्टीतही काहीच गोड लागलं नाही, पहाटे तीन-चारला जाग येत राहिली, अपराधी वाटत राहिलं, असं दोन आठवडे चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. मग सुट्टी संपायचीही वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, शक्यतो ज्यांच्याकडे तुम्ही पेशंट पाठवत नाही अशांना. जगणं नकोसं वाटलं, तर त्याच दिवशी. जाताना हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून न्या. रक्त कमी असलेल्या बाईला आपण बर्नआउट म्हणत बसतो, असंही होतं.

क्षेत्र सोडायचं का? आत्ता ठरवू नका. ६० सेशन्सवर असलेल्या माणसाला कुठलंही काम नकोच वाटेल. कॅलेंडरवर आजपासून सहा महिन्यांनंतरची तारीख टाका आणि तोवर हा प्रश्न बंद ठेवा. मात्र रुग्णालयाने तीन महिन्यांत तीनपैकी एकही मागणी मानली नाही, तर ती नोकरी सोडायचा विचार जरूर करा. नोकरी सोडणं म्हणजे क्षेत्र सोडणं नव्हे. सोडताना पेशंटना चार ते सहा आठवडे आधी सांगा आणि प्रत्येकाची अर्ध्या पानाची हस्तांतर-नोंद तयार ठेवा.

राहिलेल्या नोट्सचं काम या रविवारी सुरू करा, पण सगळ्या एकदम नको. आधी ३ क्रमांकाच्या केसेस, मग नवे पेशंट, बाकीच्या नंतर. प्रत्येकीला पाच ओळी पुरे : काय सांगितलं, काय दिसलं, जोखीम आहे की नाही, काय केलं, पुढे काय. वर 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून आजची तारीख आणि सेशनची तारीख दोन्ही टाका. मागची तारीख घालून लिहू नका. जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असंच लिहा. एका बैठकीत दहा नोट्स, मग उठा. आणि सोमवारपासून पुढचा पेशंट आत बोलावण्याआधी आधीच्याची नोट पूर्ण झालेली असू द्या, बाहेर कुणी पाच मिनिटं थांबलं तरी चालेल.